निळा भाचा

माझं तोंड फाटकं आहे. लग्न होऊन कामठ्याला आले तेव्हाच मध्यस्थानं हे सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कोणाची फसवणूक झाली नाही. पण दोन हजार नऊच्या दसऱ्यानंतर मी एका मशीनला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या तर नवऱ्यालाही आजवर दिल्या नसतील. आणि त्या बिचारीचा तर काही दोषही नव्हता.

आमचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. झेरॉक्स, फॉर्म, पासपोर्ट फोटो, बारशा-लग्नाचे फोटो. नवरा खुमेंद्र रोज गोंदियाला राइस मिलमध्ये जातो, दुकान मी एकटी सांभाळते. फोटो छापायची मशीन इंकजेट. तिच्या बाजूला चार डब्या ठेवलेल्या असतात: काळी, निळी, लाल आणि पिवळी. प्रत्येक डबीतून एक बारीक नळी निघते आणि मशीनच्या पोटात जाते. तिथं हेड नावाचा भाग कागदावरून सरसर इकडून तिकडे फिरतो, त्याला ही नळी रंग पाजते. कंपनीचं छोटं कार्ट्रिज दोन दिवसांत रिकामं होतं, म्हणून आमच्या भागातले सारे फोटोवाले अशा डब्या बाहेरून बसवून घेतात. चार वर्षं माझ्या डब्यांनी मला कधी दगा दिला नव्हता.

घरात सासू-सासरे. सासू मुन्नीबाई, तिला मी माय म्हणते. सासरे ग्यानीराम, त्यांना मामाजी. मामाजी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात जन्मले आणि अजून तिथंच असतात, जेवायला तेवढे घरी येतात. मायला वाचता येत नाही, पण कागदावर तिचा फार भरवसा. सातबारा, रेशन कार्ड, गॅसची पावती, सारं तिच्या लोखंडी पेटीत. कोणी तोंडी काही सांगितलं की तिचा एकच सवाल: "कागद कुठी हाये?" ग्रामपंचायतीत तिला सारे घाबरून असतात.

तर मायची एकुलती एक लेक, म्हणजे माझी नणंद नीतू, चाकणला राहते. जावई धनेंद्र तिकडे कंपनीत आहे. दसऱ्याच्या वेळी नीतूचे दिवस भरत आले होते. रीतीप्रमाणे तिनं बाळंतपणाला इकडे यायचं, पण डॉक्टरनं प्रवास बंद केला होता. त्याला कारण होतं. दोन वर्षांआधी तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं आणि ते लेकरू जगलं नाही.

ते मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा नीतूला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. माय घरी, कारण तिला ताप होता. मी दवाखान्यातून दोन वेळा घरी आले आणि दोन्ही वेळा मायच्या तोंडावर सांगितलं, "दोघंही मजेत हायेत." खरं तर पहिल्या वेळी लेकरू शेवटच्या घटका मोजत होतं आणि दुसऱ्या वेळी ते गेलेलं होतं. साऱ्यांनी मिळून ठरवलं होतं की तिचा ताप उतरेपर्यंत सांगायचं नाही, आणि सांगायचं काम, म्हणजे न सांगायचं काम, माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी तिनं फडक्यात गुंडाळलेलं लेकरू पाहिलं तेव्हा ते निळं पडलं होतं. माय मला काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धनेंद्रचा फोन आला. पोरगा झाला! मी ओरडलेच. मग तो हळूच म्हणाला, "वहिनी, वजन कमी हाये, कावीळ हाये. काचेच्या पेटीत ठेवलंय, सलाईन चालू हाये. डॉक्टर म्हणतेत घाबरायचं नाई, आठ दिवस लागतीन. पण मायले सांगू नका. नीतूनं शपथ घातली हाये." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आत जाऊन मायला सांगितलं, "पोरगा झाला, माय. दोघंही मजेत हायेत."

तोंडातून शब्द निघाले आणि मलाच ऐकू आले. तेच शब्द, तसेच. मायचा चेहरा खुलता खुलता थांबला.

"फोटो पाठव म्हना," ती म्हणाली.

दोन दिवसांनी फोटो मेलवर आला. मी दुकानात एकटी होते, उघडून पाहिला. काचेच्या पेटीत एवढुसं पोर. पिवळसर अंग, डोळे मिटलेले, डाव्या हाताला छोटी पट्टी बांधलेली आणि त्यात सलाईनची सुई चिकटवलेली. आणि मी फोटोवाली बाई असल्यामुळे मला जे येतं ते मी केलं. पेटीच्या कडा कापून टाकल्या. पिवळेपणा काढून गुलाबी केलं. सुई पुसली, पट्टी पुसली, त्या जागी दुसऱ्या हाताची कातडी आणून बसवली. लग्नाच्या फोटोत नवरीचे मुरूम मी रोजच पुसते, हे काय अवघड? अर्ध्या तासात भाचा असा गुटगुटीत झाला की विचारू नका.

मग मायला हाक मारली. ती आली आणि मशीनसमोर फतकल मारून बसली. मी छापायला दिलं. हेड सरसर फिरू लागलं, कागद हळूहळू बाहेर यायला लागला. आधी कपाळ, मग मिटलेले डोळे, मग ओठ.

सारं निळं.

निळं म्हणजे थोडंफार नव्हे. राखेत नीळ कालवावी तसं कपाळ, तसेच ओठ. मी कागद ओढायला हात घातला तोवर मायनं तो घेतला होता. तिनं पाहिलं. कागद पालथा करून टेबलावर ठेवला, उठली, आत गेली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली.

"माय, मशीन बिघडली हाये वो! रंग येत नाई!"



मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवलं. बघ, किती गुलाबी आहे. तिनं बघितलं आणि म्हणाली, "टीव्हीवर तं मेलेली मानसंही हासतेत, ओमेश्वरी."

मी फोन लावला, नीतूशी बोल म्हटलं. झालं भलतंच. आईचा आवाज ऐकला आणि नीतूला रडू फुटलं. बाळंतीण बाई, बाळ जवळ नाही, रडणारच. मायनं विचारलं, "पोराचा आवाज आयकव." नीतू म्हणाली, "तो झोपला हाये, माय." मायनं परत तासाभरानं फोन लावायला लावला. तेव्हाही तो झोपलेला. मायनं फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. मामाजी खाटेजवळ जाऊन बसले, तंबाखू मळत राहिले आणि उठून बांधीत निघून गेले.

मी मशीनच्या मागे लागले. माझ्या डोक्यात एकच होतं, मायच्या हातात गुलाबी पोर द्यायचं, कागदावर. बाकी तिला काही पटणार नव्हतं.

मशीनचं काय दुखतंय ते बघायला एक चाचणीचा कागद काढतात. त्यावर चार रंगांच्या बारीक रेघा येतात. काळ्या आणि निळ्या रेघा पूर्ण आल्या. लाल आणि पिवळ्याच्या जागी दोन-चार तुटक्या काड्या. डब्या बघितल्या तर दोन्ही अर्ध्याहून जास्त भरलेल्या. म्हणजे रंग आहे, पण खाली उतरत नाही. मग मी हेड क्लीनिंग दिलं. यात मशीन स्वतःच जोर लावून रंग ओढते आणि तोंड साफ करते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा रेघा आल्या! मी लगेच फोटो छापायला दिला. कपाळ गुलाबी आलं, नाक गुलाबी आलं. ओठांपासून रंग फिका झाला आणि हनुवटीवर पोचेपर्यंत पुन्हा निळा. वरून जिवंत, खालून मेलेलं. मायनं पाहिलं असतं तर संपलंच होतं सारं. मी तो कागद थेट चुलीत घातला.

"हात् तुह्या मशीनची!" मी तिला जोरात थापड मारली. "चार वर्षं लोकाईच्या नवऱ्या गोऱ्या केल्या, अन् घरचं पोरगं आलं तं मेली काऊन तू?"

अर्धा तास थांबलं की थोडा रंग परत यायचा, दोन बोटं फोटो व्हायचा आणि पुन्हा बंद. त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की तीन-चार तास बसा तोंड बघत.

शनिवारी मी गोंदियाहून इंद्रकुमारला बोलावलं. इंद्रकुमार कॉम्प्युटर-प्रिंटरचा मेकॅनिक, पोरगा हुशार, पण त्याला स्वतःला आपण अति हुशार आहोत असं वाटतं. आला तसा त्यानं आधी मशीनला हात जोडले, कारण मशीनवर मायनं घातलेला दसऱ्याचा हार अजून होता, हळद-कुंकू होतं. आमच्याकडे दसऱ्यानंतर कोरी मशीन शोधून सापडणार नाही. विळा, नांगर, लुना, शिलाई मशीन, पिठाची चक्की, साऱ्यांच्या कपाळाला लावलेलं असतं आणि ते आपोआप झडेपर्यंत कोणी पुसत नाही. मग इंद्रकुमारनं हत्यारांची पेटी उघडली.

"भाभी, रंग लोकल भरा होगा आपने."

"लोकल?" मी म्हटलं. "तुह्याच दुकानातून आनला ना बे! बिल दाखवू?"

त्यानं लगेच हेड काढलं, कोमट पाण्यात बुडवलं, टिशूनं टिपलं, बसवलं. फोटो दोन बोटं नीट आला आणि पुन्हा निळा. मग म्हणाला, नळीत हवा धरली असेल. सिरिंज काढली, लाल नळीचं टोक सोडवलं, त्याला सिरिंज लावून ओढू लागला. थोडा रंग आला. अंगठा काढला तर सिरिंजचा दांडा आपोआप परत मागे सरकला. पुन्हा ओढला, पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि जाहीर केलं, "हेड गया, भाभी. नागपूरसे मंगाना पडेगा. आठ-दस दिन."

आठ-दहा दिवस! आत माय दोन दिवसांची उपाशी. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. त्याच्या आईचं नाव तेवढं घेतलं नाही, कारण बाई ओळखीची आहे.

मामाजी तेवढ्यात शेतातून आले होते. पायाचा चिखल वाळलेला, दारात उकिडवे बसून हा तमाशा बघत होते. त्यांना मशीनमधलं काही कळत नाही आणि ते कळल्याचं सोंगही आणत नाहीत. इंद्रकुमार सामान भरू लागला तेव्हा ते म्हणाले, "का गा, ते पिचकारी मांगं काऊन जाते?"

"अंदर खिंचाव है, काका."

"कायचा खिंचाव?"

इंद्रकुमारनं खांदे उडवले. मामाजी उठले, डब्यांजवळ आले आणि वाकून पाहू लागले. "इंजिनचं डिझेल आपन डब्ब्यातून काढतो," ते म्हणाले, "तं डब्ब्याले दोन छेद पाडा लागते. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. एकच छेद असन तं गुट-गुट करते अन् थांबते. अर्ध्या घंट्यानं अजून येते जरासं. ह्या तुह्या डबीचा दुसरा छेद कुठी हाये?"

मी इंद्रकुमारकडे पाहिलं, इंद्रकुमारनं माझ्याकडे. दुसरा छेद असतो. प्रत्येक डबीच्या वर एका कोपऱ्यात हवेसाठी सुईच्या नाकाएवढं भोक असतं. ते उघडं पाहिजे हे मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, डब्या विकणाऱ्याला माहीत आहे. मी वाकले. लाल डबीच्या कोपऱ्यात ओल्या कुंकवाचा लावलेला जाड टिक्का, वाळून कडक झालेला. पिवळ्या डबीच्या कोपऱ्यात हळदीचा, आणि त्यात तांदळाचा एक दाणा रोवून बसवलेला. बरोबर भोकावर. निळी आणि काळी साफ कोरी.

तीन दिवस ते माझ्या नाकासमोर होतं. मी पाहत होते आणि मला दिसत नव्हतं.

"मैंने तो हाथ जोडे थे उसको," इंद्रकुमार हळूच म्हणाला.

मी ब्लाउजची सेफ्टी पिन काढली, कोमट पाण्यात कापूस भिजवून टिक्का मऊ केला आणि टोकरून काढला. लाल डबीत गुट्‌ करून बुडबुडा वर आला. मग पिवळीत. इंद्रकुमारनं नळी जोडली, एकदा हेड क्लीनिंग दिलं, चाचणीचा कागद काढला. चारही रंगांच्या रेघा, एकही तुटलेली नाही. इंद्रकुमारनं मामाजींच्या पायाला हात लावला आणि पैसे न घेता गाडीला किक मारली. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असणार.

मामाजी तसेच चिखलाच्या पायांनी आत गेले. "वो मुन्नी, ऊठ. तुह्या पूजेनं नातू निळा केला. डबीच्या नाकात कुंकू कोंबलं तू."

माय उठून बसली. दोन दिवसांत तोंड एवढुसं झालं होतं. मी दारात उभी होते. राग तर मला आला होता, खोटं कशाला सांगू, चांगला सणसणीत आला होता. म्हटलं, "माय, चार डब्या हायेत. लाल अन् पिवळीच काऊन?"

"लालले कुंकू, पिवळ्याले हळद," ती म्हणाली. "काळ्याची पूजा कोन करते? अन् निळ्याची?" मग थांबून म्हणाली, "याच्यातूनच पोराचं तोंड येनार होतं म्हनून लावलं. विळ्याले, लुनाले बोटभर लावलं. याले जास्त लावलं."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी जवळ जाऊन बसले.

"पन तुमी मले उल्लू नका बनवू," माय लगेच म्हणाली. "कुंकवानं कोनी निळं होते का? तुमी दोघं मिळून हे रचलं. मांगंही असंच रचलं होतं."

"चाल," मी म्हटलं. "तुह्या डोळ्यासमोर छापतो."

मशीनसमोर ती पुन्हा तशीच बसली. लाइट होती, देवाची कृपा. या वेळी कपाळ गुलाबी आलं, गाल गुलाबी, ओठ गुलाबी, हनुवटी गुलाबी, पोट, हात, सारं शेवटपर्यंत गुलाबी. मला नाचावंसं वाटलं. मामाजी म्हणाले, "पाह्य, कसा लालबुंद हाये!"

मायनं फोटो घेतला आणि दारातल्या उजेडात गेली. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, तिरपा केला. मग फोटोवर बोट ठेवून माझ्याकडे वळली.

"हा हात या पोराचा नाई."

"म्हनजे?"

"उजवा पाह्य, त्याले घड्या हायेत. डावा पाह्य, त्याच्यावरही त्याच घड्या. अन् हे मनगट पुसलेलं हाये. सारवलं तसं." तिनं बोट त्या मनगटावर टेकवलं. "ओमेश्वरी, इथी काय होतं? काय पुसलं तू?"

मामाजी माझ्याकडे बघू लागले. त्यांनाही सुईचं माहीत नव्हतं. मनात आलं, सांगून टाकावं की प्रिंटचा दोष आहे. अजून एक बहाणा तयारच होता माझ्याकडे. पण ती ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं दोन वर्षांआधी ते फडकं उघडलं होतं. तेव्हा मी तिला त्या क्षणासाठी तयार होऊ दिलं नव्हतं. तो गुन्हा माझा होता आणि मी तो पुन्हा करत होते, या वेळी तर रंगीत.

"मांगच्या वेळी मी खोटं बोलली, माय," मी म्हटलं. "या वेळीही बोलली. मले माफ कर नाईतर नको करू. थांब."

मी मूळ फोटो काढला, धनेंद्रनं पाठवला तसा. काही कापलं नाही, काही गोरं केलं नाही. छापायला दिला. हेड सरसरू लागलं. आधी काचेची कड आली, मग कपाळ, हळदीसारखं पिवळं. मिटलेले डोळे. बारकी छाती, तिच्या फासळ्या मोजता याव्यात अशा. मग डावा हात, त्यावर पट्टी, पट्टीत सुई, सुईला लागलेली नळी. मला वाटत होतं आता ही खाली बसेल, आता मामाजींना पाणी आणायला सांगावं लागेल.

मायनं फोटो घेतला. दारात गेली नाही, तिथंच मशीनजवळ पाहिला.

"हे काचेचं काय?"

"पेटी. त्यात ऊब देतेत. वजन कमी हाये. पावने दोन किलो."

"अन् पिवळा?"

"कावीळ. डॉक्टर म्हणतेत उतरते. आठ दिवस."

"हे सुई?"

"सलाईनची. त्यातूनच दवा चालू हाये. म्हनून तो नीतूजवळ नाई. म्हनून तिनं आवाज नाई आयकवला. तो झोपलेला नव्हता, माय. तो तिच्याजवळ नव्हताच."

मायनं त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. शाई ओली होती, अंगठ्याला थोडी लागली. आणि बघता बघता तिचे खांदे खाली आले, दोन दिवस वर ओढून धरलेले असावेत तसे. तिनं एक मोठा श्वास सोडला.

"मेल्या पोराले कोनी सुई लावत नाई," माय म्हणाली.

मामाजी तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला लागले. मला मात्र रडू आवरेना, मी तशीच मशीनवर डोकं टेकवून रडले. एवढी भांडखोर बाई मी, गावानं ऐकलं असतं तर हसलं असतं. मायनं माझ्या पाठीवर हात ठेवला, एक धपाटा घातला आणि गुलाबी फोटो माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा जाळून टाक. हा कोन हाये मले माहीत नाई."

पिवळा फोटो तिनं पदराखाली धरला.

"अन् नीतूले फोन लाव. मायले सारं माहीत हाये म्हना. आता तिले माह्याजवळ खोटं बोलाचं काम नाई, मनभर रडू दे तिले." ती आत जायला वळली, मग दारातून म्हणाली, "आधी भात टाक पन. मले भूक लागली."